नानांच्या वाडीतला नळ

नाना गेले त्या दिवशी वसईजवळच्या निर्मळ गावी त्यांच्या अंगणात जमलेल्या सगळ्या माणसांना मी ताटकळत ठेवलं. सुमन, म्हणजे माझी बायको, आदल्या दिवसापासून तिथेच होती. सकाळी तिचा फोन आला, "नाना गेले. झोपेतच. या." एवढंच. विरारच्या चंदनसारहून निघून, रिक्षा बदलत मी पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली होती आणि जावई यायचा म्हणून माणसं थांबली होती. मी फाटकातून आत शिरलो आणि ओटीकडे जायच्या ऐवजी माझे पाय डावीकडे वळले. तिथे एक नळ आहे, नळाशेजारी कट्टा, कट्ट्यावर नारळाची करवंटी आणि करवंटीत साबण. मी बाह्या वर सारल्या, तळवे घासले, हातांच्या पाठी घासल्या, बोटांच्या बेचक्या घासल्या, फेस पार कोपरापर्यंत नेला... मन लावून, इतकी वर्षं करत आलो तसं. जरा वेळाने जाणवलं की मागे सगळं फारच शांत आहे. वळून बघतो तर अख्खं अंगण माझ्याकडे बघतंय. शेवटी गावातले एक म्हातारे गृहस्थ खाकरून म्हणाले, "जावईबापू, आंघोळ तिकडून आल्यावर करायची असते. जायच्या आधी नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. मयताच्या घरचं हसू उचकीसारखं असतं, दाबावं तितकं वर येतं. खांदा द्यायला उभ्या राहिलेल्यांचे खांदे आधीच हलायला लागले... आणि मी फेसाने माखलेले दोन्ही हात समोर धरून उभा, जसा काही ऑपरेशनला निघालेला सर्जन. माझ्या लग्नातही माझ्याकडे इतक्या माणसांनी एकदम बघितलं नव्हतं. पण हात त्या नळाकडे गेले त्याला कारण होतं, आणि ते कारण ओटीवर शांत झोपलेलं होतं.

नाना सुमनचे मामा. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भाची हीच मुलगी, आणि ओघाने मी जावई. मी मूळचा घाटावरचा, नोकरी बँकेत, घर विरारला तिसऱ्या मजल्यावर. माझं शेतीचं ज्ञान गॅलरीतल्या तुळशीपुरतं, आणि तीही दोनदा मेलेली. नानांच्या वाडीत केळी होती, फाटकाशी सोनचाफ्याचं झाड होतं, आणि मुख्य म्हणजे पोफळींच्या सावलीत विड्याच्या पानांच्या वेली होत्या. त्या वेलींत जायचं तर आंघोळ करून आणि अनवाणी, ही घराण्याची रीत. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नवे बूट घालून सरळ वेलींकडे चालायला लागलो, तर नानांनी लांबून अशी आरोळी ठोकली की मला वाटलं साप निघाला.

"जावई, देवळात बूट घालून जाता काय?"

"नाना, ही वेल आहे."

"म्हणून तर! देव माफ तरी करतो. वेल करत नाही, मरून दाखवते."

मग त्यांनी स्वतः मला वाडीभर फिरवलं. वेलीला मर लागली, म्हणजे मुळं कुजून ती सुकायला लागली, तर काय करायचं हे दाखवलं. पानांवर औषध मारत बसायचं नाही, ती वेल मुळासकट उपटायची, जागा काही दिवस मोकळी ठेवायची, नवी वेल दुसरीकडे लावायची. मी मान डोलावत होतो आणि मनात हिशेब करत होतो की जेवायला किती वेळ आहे. शेवटी त्यांनी स्वतः विडा लावून दिला. म्हणाले, "घाटावरच्यांना पान खाता येतं, एवढं तरी बरं आहे."

असा माणूस, आणि साठी ओलांडल्यावर त्याची मूत्रपिंडं थकली. वसईत तेव्हा डायलिसिसची सोय नुकतीच झाली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचं, रक्त बाहेर काढून धुवायचं, परत आत सोडायचं. त्यासाठी हातातली एक शीर धमनीला जोडून तयार करायची असते, पण ती जोमदार व्हायला महिने लागतात. तोवर नानांच्या मानेखालून, छातीवरून एक जाडशी नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत बसवली. तिची दोन तोंडं छातीवर बाहेर लोंबायची, वर चिकटपट्टी. नाना म्हणायचे, "गाईला दोन शिंगं, मला दोन तोट्या."

पथ्याची यादी ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. पाणी मोजून, मीठ कमी, आणि केळं बंद. निर्मळच्या माणसाला केळं बंद! आयुष्यभर केळीत राहिलेला माणूस. "म्हणजे समुद्रात राहून मासळीला पाणी बंद," असं ते म्हणाले. पण आठवड्याभरात त्यांनी त्यावर तोड काढली. डायलिसिसच्या दिवशी केळ्यांची फणी घेऊन जायचं आणि ती फिलोमिना सिस्टरना द्यायची. या सिस्टर वसईतल्या पापडी गावच्या, पन्नाशीच्या, ठसठशीत, आवाज असा की मशीनसुद्धा दचकून नीट चालायचं. ही दोघं आपापल्या घरच्या बोलीत सुरू झाली की मला निम्मं कळायचं नाही, आणि निम्म्यात माझंच नाव असायचं. सिस्टर केळं सोलायच्या आणि नाना मशीनवर पडल्या पडल्या एकटक बघायचे. "फिलू, सावकाश खा गं. मलाही बघू दे."

असं छान चाललेलं असताना नानांना थंडी वाजून ताप यायला लागला. थंडी म्हणजे साधी नाही, खाट हलेल अशी हुडहुडी. इथे कुटुंबातला वैद्यकीय सल्लागार म्हणून मी पुढे झालो. आमच्या चंदनसारला त्या वर्षी घरटी एकाला मलेरिया होऊन गेला होता, त्यामुळे आमच्या इमारतीत प्रत्येक जण मलेरियाचा तज्ज्ञ. मी ठणकावून सांगितलं, मलेरिया. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मी म्हटलं, लपला असेल. गावातल्या डॉक्टरांनीही, माझ्या आग्रहाला कंटाळून असेल, कडू गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी दोन दिवस ताठ मानेने फिरलो. पुढच्या डायलिसिसला पुन्हा हुडहुडी. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतार, पुन्हा माझी मान ताठ. तिसऱ्या खेपेला नानांचे दात वाजायला लागले तेव्हा डॉ. सामंत तिथे उभ्या होत्या. किडनीच्या डॉक्टर, बोलणं मोजकं.

"नाना, घरी ताप येतो का?"

"घरी नाही. इथेच येतो. मशीन लागलं की थोड्या वेळात."

मी पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, इथे डास जरा..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मलेरियाला आमच्या मशीनचं वेळापत्रक माहीत नसतं हो." मग सिस्टरांकडे वळल्या. "नळीची पट्टी काढा. मला बघू दे."

सिस्टरांनी हात धुतले, हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला आणि अलगद पट्टी सोडवली. खालची कातडी लाल होती. आणि इतक्यात, त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीत, सोनचाफ्याचा वास आला. सगळ्यांना आला. सिस्टरांनी चिमट्याने पट्टीखालच्या कापडी जाळीच्या घडीतून काहीतरी काढून उजेडात धरलं. तपकिरी पडलेली, चिकटलेली एक पाकळी.

"नाना," सिस्टर हळूच म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "हे काय?"

नाना थंडीने कापत होते, तरी लाजले. झालं होतं असं की, त्यांना दवाखान्याच्या औषधांचा वास सोसत नव्हता. छातीवरून तो सतत नाकात जायचा, जेवण जायचं नाही. म्हणून घरी आले की फाटकावरचा एक ताजा चाफा तोडायचा, पट्टीचं टोक नखाने उचलायचं, फूल आत सारायचं, टोक परत दाबायचं. डायलिसिसला निघताना फूल काढून टाकायचं. मामींनासुद्धा पत्ता नाही. मामींना वाटायचं, झाडालाच यंदा बहर आहे.

"अहो, ताजं फूल," नाना म्हणाले, "देवाला चालतं, आणि मला चालणार नाही?"

"देवाला नळी नसते, नाना," डॉ. सामंत म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला नीट समजावलं. दोष फुलाचा म्हणावा तितका नव्हता, पट्टी उचलणाऱ्या बोटांचा होता. आपल्या कातडीवर, नखांत जंतू असतातच, बाहेर असतात तोवर ते गुण्यागोविंदाने राहतात. नळीच्या कडेने ते आत उतरले, नळीच्या आतल्या बाजूला त्यांनी घर केलं, आणि मशीन सुरू झालं की रक्ताच्या धारेबरोबर सगळ्या अंगात जातात, म्हणून तेव्हाच थंडी भरते. पण हा झाला संशय. खात्री करायची तर औषध सुरू करण्याआधी एकाच वेळी दोन ठिकाणचं रक्त घ्यायचं, एक नळीतून, एक हाताच्या शिरेतून. दोन्ही खास बाटल्यांत घालून उबेत ठेवायचं. नळीच्या बाटलीत जंतू हाताच्या बाटलीपेक्षा बरेच आधी वाढले, तर घर नळीत आहे असं समजायचं.

नाना पांघरुणातून बोलले, "म्हणजे दोन कुंड्यांत एकच बी टाकायचं आणि कोंब आधी कुठे येतो ते बघायचं."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

बाटल्या बोरिवलीच्या लॅबमध्ये न्यायच्या होत्या. मलेरियाचं प्रायश्चित्त म्हणून ते काम मी मागून घेतलं, आणि उत्साहाच्या भरात कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणून थर्मास भरला. रक्त म्हणजे थंड ठेवायचं, एवढं तर मला कळत होतं. मी बाटल्या आत सोडणार, तोच सिस्टर कडाडल्या, "अहो भाऊ! बर्फात बी उगवतं काय?" मी बाटल्या रुमालात गुंडाळून छातीशी धरून नेल्या. अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा मी बोरिवलीला पोचलो, असं सुमन पुढे सगळ्यांना सांगत असे. मागे नानांना लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबचा फोन आला. नळीतली बाटली आधी वाढली होती, हातातली बरीच नंतर. डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, नळी काढायला हवी. नुसत्या औषधाने भागणार नाही. जंतूंनी नळीच्या आत शेवाळासारखा थर धरलाय, तिथे औषध पोचत नाही. हा जंतूही साधा नाही, हृदयाच्या झडपांवर जाऊन बसला तर हाताबाहेर जाईल. आज काढू, मध्ये नळीशिवाय काही दिवस जाऊ देऊ, अडलंच तर मांडीतून तात्पुरती नळी घालून एखादं डायलिसिस करू, आणि रक्त स्वच्छ झालं की दुसऱ्या बाजूला नवी नळी.

आणि नाना नाही म्हणाले.

त्यांच्या आजारपणात इतके दिवस मी घाबरलो नव्हतो, कारण नाना चेष्टा करत होते. त्या दुपारी त्यांनी चेष्टा केली नाही. भिंतीकडे तोंड करून पडले आणि म्हणाले, "ही नळी आहे म्हणून मी आहे. ती बसवताना किती त्रास झाला मला माहीत आहे. काढलीत आणि दुसरी बसली नाही तर?..." मामी पायाशी बसून पदराने डोळे पुसत होत्या. रक्तदाब खाली चालला होता. मी, अर्थातच, नानांची बाजू घेतली. म्हटलं, मॅडम, जरा औषधाचा जोर वाढवून बघू या का, नळी ठेवून? डॉक्टर म्हणाल्या, "थांबलो तर आपण नानांना गमावू." सरळ असं म्हणाल्या.

तेव्हा सुमन उठली. खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली, नानांना तिचं तोंड दिसेल अशी.

"नाना, मर लागलेली वेल तुम्ही ठेवली असतीत?"

नानांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"सांगा ना. पानांवर औषध मारत बसला असता?"

"सुमे, वेलीचं नाव काढू नकोस."

"का नको? माझ्या नवऱ्याला बूट घालून वेलीत जाऊ दिलं नाहीत तुम्ही. आणि स्वतः? वाडीतल्या मातीची नखं घेऊन हृदयाच्या शिरेपर्यंत गेलात. वेलीला एवढं सोवळं, आणि नानाला काहीच नाही?"

मग पांघरूण थरथरायला लागलं. मला वाटलं पुन्हा थंडी भरली. पण नाना हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. "भाचीने मामाला शेती शिकवली," ते म्हणाले. मग डॉक्टरांकडे मान वळवून, "काढा. मुळासकट काढा. फक्त नवी लावताना या जावयाचा सल्ला घेऊ नका."

नळी त्याच दुपारी निघाली. पुढचे दिवस सोपे नव्हते. मध्ये एकदा मांडीतून डायलिसिस करावं लागलं, हृदयाची सोनोग्राफी झाली, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. पण ताप उतरला तो उतरलाच. झडपा स्वच्छ होत्या, पुढच्या बाटल्यांत काही उगवलं नाही. ज्या दिवशी डाव्या बाजूला नवी नळी बसली त्या दिवशी नानांनी मामींकरवी सगळ्या वॉर्डात विडे वाटले. अँटिबायोटिक पुढे काही आठवडे चालू राहिलं, डायलिसिसच्या वेळीच द्यायचं. आणि सिस्टरांनी नानांचे वर्ग सुरू केले. विषय एकच, हात धुणे. नाना तळवे घासायचे, पाठी घासायच्या, दोन्ही हात पुढे करायचे, आणि सिस्टर शाळेतल्या बाईंसारख्या वाकून बघून म्हणायच्या, "नखं राहिली." नाना पुन्हा बेसिनकडे. आयुष्यात कोणाचं न ऐकलेला माणूस त्यांचं ऐकत होता, आणि मला वाटतं, मनातून सूड घ्यायची तयारी करत होता.

कारण घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर फाटकाशी नळ घेतला. कट्टा बांधला, वर करवंटीत साबण ठेवला. येणाऱ्याने आधी हात धुवायचे. वेलींत जायचं असो, नानांशेजारी झोपाळ्यावर बसायचं असो, नाहीतर नुसतं विचारपूस करून जायचं असो. पोस्टमन धुवायचा, केळीचा व्यापारी धुवायचा, मतं मागायला आलेले उमेदवार कार्यकर्त्यांसकट रांगेत उभे राहून धुवायचे. नाना झोपाळ्यावरून बघायचे आणि हात पुढे करून आलेल्या प्रत्येकाला एकच निकाल द्यायचे, "नखं राहिली." मी तर इतक्या वर्षांत एकदाही पहिल्या फेरीत पास झालो नाही. एकदा घरून ब्रश घेऊन गेलो, नखं लाल होईस्तोवर घासली. नानांनी चष्मा लावला, दहाही बोटं उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "अंगठ्याचं."

पुढे हातातली शीर तयार झाली आणि छातीवरची नळी कायमची गेली. त्या शिरेतून रक्त इतक्या जोरात धावतं की मनगटावर कान ठेवला तर गुणगुण ऐकू येते. नानांना खेळणंच मिळालं. माझ्या मुलींना जवळ बोलावायचे, "इकडे या, नानांनी भुंगा पकडलाय." पोरी मनगटाला कान लावायच्या आणि किंचाळायच्या. मग आळीतली सगळी मुलं यायची, अर्थात हात धुवून. कोणी विचारलं भुंगा आत शिरला कसा, तर नाना गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "चाफ्याच्या वासाने." चाफा आता खिशात असायचा. रोज एक, पट्टीपासून चांगला लांब. फिलोमिना सिस्टर सुट्टीच्या दिवशी पापडीहून यायच्या, झोपाळ्यावर बसून केळं खायच्या, आणि नाना बघायचे. असं कितीतरी वर्षं चाललं. आम्हाला वाटलं चालूच राहणार.

त्या दिवशी हात धुऊन मी ओटीवर गेलो, पाया पडलो, आणि सवयीने मनगटाला बोटं लावली. भुंगा उडून गेला होता. खिशात चाफा होता, मामींनी ठेवलेला.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं मामींना भेटायला गेलो. फाटकातून शिरलो तर करवंटीत नवी वडी होती. मामींना विचारलं, आता कशाला? त्या म्हणाल्या, "असू दे. लोक येतात, हात धुतात, मग विचारतात नाना कुठे... तेवढंच." मी नळाशी उभा राहून हात धुवायला लागलो आणि त्या दिवशीची लाज पुन्हा आठवली. सुमनला म्हणालो, "अख्खं गाव हसलं गं मला. तू ओटीवर नानांजवळ होतीस, तुला वाटलं असेल, कसला नवरा मिळाला."

ती माझे हात बघत होती. म्हणाली, "नाही. मी नानांना हळूच सांगितलं, आलेत बघा. हातही धुतलेत. पण नखं राहिली."